वन्सं, रिपोर्ट आला होता

वन्सं,

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर मी पेन धरलं ते रेशनच्या फॉर्मवर सही करायला, नाहीतर लॅबमधल्या डब्यांवर तारखा घालायला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळ वाकडी गेली असेल, तर माफ करा. माझ्या प्राचीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं आहेत ही. कुणाला वाचायला द्यायची नाहीत, म्हणूनच लिहायला धीर होतोय. तोंडाने मला बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? अठ्ठावीस वर्षं चिडवलंत. "हिच्या तोंडात गूळ धरलाय काय गो?" असं भरल्या घरात विचारायचात आणि मी पदराने तोंड पुसत आत पळायचे.

काल तुमचं तेरावं झालं.

तुम्ही मला एक गोष्ट विचारली होतीत आणि मी उत्तर दिलं नाही. तुम्ही आयसीयूत होतात, नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं, तरी विचारलंत. प्राचीच्या पोटातल्या बाळाचा रिपोर्ट आला का, बाळाला तो आजार आहे की नाही, एवढंच. मला तेव्हा उत्तर ठाऊक होतं. दीड तासापूर्वीच ठाऊक झालं होतं. मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ते का झालं हे मला तुम्हाला सांगायचं आहे. पण सरळ तिथे जाता येत नाही. मनात सगळं एकात एक अडकलं आहे, एक ओढलं की दुसरं येतं.

प्राचीच्या बारशाला तुम्ही तुमच्या तीन वर्षांच्या संकेतला पाळण्याशी आणून त्याचा हात तिच्या मुठीत दिला होतात. "ही माझी सून. मामाची मुलगी, हक्काची. हिला बाहेर द्यायची नाही," असं सगळ्या बायकांसमोर म्हणालात. बायका हसल्या. मी पण हसले. धाकट्या भावाची मुलगी बहिणीच्या घरात जाणं ही आपल्याकडची जुनीच रीत. तुमच्या मामांनीही त्यांच्या मामाचीच मुलगी केली होती. मला तर बरंच वाटलं. पोर घाटकोपरहून विक्रोळीला जाणार, एक स्टेशन पलीकडे, आणि सासू कशी आहे ते आधीच माहीत. तोंडाने तिखट, हाताने मऊ.

आणि पोरांनी ते खरं केलं. संकेतला नोकरी लागली तेव्हा त्याने पहिला फोन तुम्हाला नाही, प्राचीला केला होता. तुम्ही दोन दिवस रुसला होतात त्यावरून.

मग ते रक्त आलं.

तुम्हाला माहीत आहे, मी त्या लॅबमध्ये मावशी आहे. लादी पुसते, पेशंटना बसवते, वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात टाकते, बाकी कचरा लाल-पिवळ्या पिशव्यांत वेगळा करते. वर्षातून एकदा कामवाल्यांच्या घरच्यांची तपासणी फुकट करतात. प्राचीची केली. डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. मॅडम बसायला सांगतात तेव्हा काहीतरी असतं.

"मावशी, घाबरू नका. प्राचीला आजार नाही. पण तिच्या तांबड्या पेशी लहान आहेत. ह्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. ती चांगली जगेल, काही होणार नाही. फक्त एक करा. ज्याच्याशी तिचं लग्न ठरेल ना, त्याचं रक्त आधी तपासा."

"त्याचं कशाला?"

"त्यालाही हेच असलं, तर मुलाला मेजर होऊ शकतो. मग जन्मभर दर महिन्याला रक्त चढवावं लागतं."

मी विचारलं, हे आलं कुठून? मॅडम म्हणाल्या, आईकडून किंवा वडिलांकडून. माझं रक्त घेतलं. माझ्यात नव्हतं. मग ह्यांच्याकडून. आणि ह्यांच्यात कुठून आलं, तर तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून. आणि वन्सं, तुम्हाला जन्म दिला त्यांनीच.

मी लादी पुसायला गेले. एकच फरशी किती वेळ पुसत होते कोण जाणे.

मॅडमनी मला नंतर कागदावर चित्र काढून सांगितलं. एक पेशी, तिच्यात डीएनए, तो गुंडाळलेला, त्याचे गुणसूत्रांचे तेवीस जोड. मला काही कळेना. मान हलवत होते. मॅडम म्हणाल्या, "हे बघा, चारच प्रकारची अक्षरं असतात. तीच चार पुढे-मागे लावून सगळं लिहिलेलं असतं. रक्त कसं बनवायचं, डोळा कसा बनवायचा."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, म्हणजे चार रंगांचे मणी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कसले मणी?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पाच मिनिटं सलग काहीतरी समजावलं. तुम्ही मला शिकवलेलं काम. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही घरी मणी ओवायचं काम घेत होतात. शेठ एक नमुन्याची सर द्यायचा, काळे, सोनेरी, लाल, पांढरे मणी, आणि ती समोर ठेवून आपण तशाच सरी करायच्या. मण्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. कुठला मणी कुठल्या मण्याच्या मागे, तेच सगळं असतं. मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर. फक्त ही सर दुपदरी आहे. एका पदरात काळा असेल तर समोरच्या पदरात सोनेरीच, लाल असेल तर पांढराच. त्यामुळे पदर सुटे केले तरी एकावरून दुसरा परत ओवता येतो. पेशी अशीच नक्कल करते. आणि अशा सेहेचाळीस सरी. तेवीस आईच्या, तेवीस बापाच्या. सगळे मणी मोजले तर एका बाजूचेच तीनशे कोटी."

"आणि ओवताना चुकत नाही कुणी?"

"चुकतं की. बहुतेक वेळा सापडतं आणि दुरुस्त होतं. कधी राहून जातं. बऱ्याच चुकांनी काही बिघडत नाही. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत असतात. ही चूक अकराव्या जोडीत आहे. एकाच जागी एका मण्याऐवजी दुसरा. आईची सर चुकली आणि बापाची बरोबर असली, तर बरोबर सर बघून काम चालतं. दोन्ही चुकल्या, तर बघायला काही उरत नाही."

वन्सं, मला लगेच तो शेठचा माल आठवला. तुम्हालाही आठवला असता. शेठची सर एकच होती, म्हणून तुम्ही तिच्यावरून एक नमुना करून मला दिलात. त्यात तुमचा एक मणी चुकला, मधल्या सोनेरीच्या जागी लाल. तुम्ही मग स्वतःही त्याच नमुन्यावरून काम केलंत. दोन्ही घरांत मिळून दोनशे सरी झाल्या. आपण माझ्या सरी तुमच्या सरींशी लावून बघितल्या. सगळ्या जुळल्या. जुळणारच. चूक दोन्हीकडे एकच होती. शेठने माल तोंडावर फेकला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "तुझ्याच डोळ्यांत मणी गेलेत मेल्या." मग चार दिवस बसून सगळं उसवलं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. मला ती चूक तिसऱ्या सरीलाच दिसली होती. शेठची मूळ सर मी बघितली होती ना. पण म्हटलं, वन्संनी केलंय म्हणजे बरोबरच असेल, शेठने बदलायला सांगितलं असेल. विचारायची लाज वाटली. आणि लाल मणी घालत मी पुढच्या सत्त्याण्णव सरी ओवल्या.

साखरपुड्याला वीस दिवस होते. गावी जाऊन तुम्ही देवाला कौल लावून आला होतात. उजवं फूल पडलं म्हणून पेढे वाटलेत. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आक्काला तू सांग. बायकांचं काम आहे." त्या वीसमधले अकरा दिवस मी रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. दोनदा तुमच्या बिल्डिंगच्या खाली येऊन परत गेले. एकदा तुम्ही वरून बघितलंत आणि हाक मारलीत, तर मी सांगितलं कोथिंबीर घ्यायला आले होते. घाटकोपरहून विक्रोळीला, कोथिंबीर.

बाराव्या दिवशी रविवार होता. तुम्ही मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होतात. मी शेजारी बसले आणि सगळं उलटं सांगितलं. आधी मेजरचं, मग प्राचीचं, मग तुमचं. तुमचा हात थांबला.

"तुका कोणी सांगल्यान ह्या?"

"मॅडमनी."

"आमच्या रक्तात खोट काढूक इलंस? माझ्या आईच्या?"

"खोट नाही वन्सं. एक मणी..."

"चवथी शिकलंस नि माका डीएने शिकवतंस? देवाने कौल दिलाय!"

आणि मी कुठून धीर आणला कोण जाणे, म्हणाले, "तुम्ही देवाला हे विचारलंच नव्हतं ना."

तुम्ही बोंबलाचं भांडं उचललंत आणि आत गेलात. पाणी माझ्या पायावर सांडलं. साखरपुडा पुढे ढकलला गेला. सात आठवडे तुमचा फोन नाही. वाडीतल्या पूजेला मी आले, तर तुम्ही मला सोडून सगळ्यांना तीर्थ दिलंत.

मी रागावले होते वन्सं. तुमच्यावर नाही असं म्हणणार होते, पण तुमच्यावरच. वर्षानुवर्षं तुम्ही लोहाच्या गोळ्या खात होतात, गूळ-शेंगदाणे, बीट, खजूर. "आमच्या घराण्यात रक्त कमीच," असं अभिमानाने सांगायचात. मॅडम म्हणाल्या, लोह कमी नसेलही त्यांचं, हेच असेल. मला वाटायचं ओरडून सांगावं, त्या गोळ्या बंद करा आधी. पण तीर्थसुद्धा न देणाऱ्या बाईला काय सांगणार?

संकेत स्वतःहून लॅबमध्ये आला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बाही वर करूनच आत शिरला. "मामी, काढायला सांग रक्त. आईला मी बघतो." मी म्हटलं, तिला विचार आधी. तर म्हणाला, "तिला विचारून मी दाढीपण केली नसती." चार दिवसांनी त्याचाही मायनर निघाला. दोघांची चूक एकाच जागची, तोच मणी.

मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं. लग्न करू नका असं कुणी म्हणणार नाही. प्रत्येक बाळाच्या वेळी चार चिठ्ठ्या. एक चांगली, दोन तुमच्यासारख्या मायनरच्या, एक मेजरची. अकराव्या आठवड्यात तपासता येतं. संकेतने घरी येऊन तुम्हाला चिठ्ठ्यांचं सांगितलं आणि सात आठवड्यांनी तुम्ही पहिला फोन मला केलात. ना नमस्कार, ना काही.

"काय गो, चारात एक म्हणजे चौथं ना? मग तीन पोरं करून थांबतील."

मला हसू आलं आणि रडूही. "नाही वन्सं. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या. पहिल्यालाच लागू शकते. चौघांनाही लागू शकते, एकालाही नाही."

 मग म्हणालात, "कसला गो हा हिशोब," आणि फोन ठेवलात. पण महिन्याभरात लग्न लावलंत. पोरांनी ऐकलंच नसतं, हे तुम्हाला कळलं होतं.

प्राचीला दिवस गेले तेव्हा आपलं दुसरं भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही. तपासणी नको म्हणालात. "देवाने दिलंय ते घ्यायचं." वर म्हणालात, "लोक काय म्हणतील? मुलगा की मुलगी बघायला गेली म्हणतील. ह्या वयात मला तुरुंगात घालशील." मी सांगितलं, ते कायद्याने सांगतच नाहीत, विचारायचंही नसतं. "लोकांना कायदा कळतो होय?" म्हणालात. ते मात्र खरं होतं.

दिवस मोजत होतो आपण सगळे. आठवा आठवडा, नववा. संकेतचं ऑफिस त्याच महिन्यात बंद पडलं होतं. प्राचीचा पगार घराच्या हप्त्यात जायचा. आणि आपल्याकडे पहिलटकरणीचा खर्च माहेरचा, हे तुम्हीच मला माझ्या वेळी ऐकवलं होतंत. तपासणीचा खर्च चोवीस हजार होता. मी मॅडमकडे उचल मागायचा विचार करत होते, पण मागायला तोंड लागतं.

तेव्हा तुम्ही लॅबमध्ये आलात. पहिल्यांदाच. बाकावर पेशंटसारख्या बसलात, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं भांडायला आलात. मी चहा आणला, तो तुम्ही घेतला नाहीत. समोरच्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी होती. ती दर महिन्याला तपासणीला येते, रक्त चढवण्याआधी.

"हिला तोच आजार?" तुम्ही हळू आवाजात विचारलंत.

"हो."

"मग ही जगली की."

"जगतात वन्सं आता. शिकतात, नोकरी करतात. पण हिच्या आईला विचारा, किती सुया मोजल्यात."

तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग जे कधीच बोलला नव्हतात ते बोललात. तुमच्या मामांची दोन मुलं. मोठा बाळग्या. तुम्ही आठ वर्षांच्या होतात आणि सुट्टीत आजोळी गेलं की तो तुमच्या कडेवर असायचा. "पोट असं पुढे, नि तोंड पांढरंफटक. चालायचा नाही. उतरवला की रडायचा. कुणी म्हणायचं नजर, कुणी म्हणायचं मूळपुरुषाचा कोप. दोन वर्षांचा पण झाला नाही. धाकटा त्याच्याहूनही लहान असताना गेला." मग म्हणालात, "मी बोंबील साफ करताना तू सांगितलंस ना, तेव्हाच माका ठाऊक झाला. म्हणून राग इलो."

वन्सं, तुमचा मामा आणि मामी दोघं एकाच घरातले. त्यांच्या पोरांत दोन्ही सरी चुकल्या. तुमच्या आईला त्यातली एकच मिळाली. कोप नव्हता तो. मॅडम म्हणतात, ज्या भागात हिवताप फार, तिथे ही चूक जास्त टिकलेली दिसते, कारण मायनरवाल्यांना हिवताप तितका जोराचा होत नाही असं मानतात. म्हणजे ह्याच मण्याने कधीतरी तुमच्या पणज्या-खापरपणज्यांना वाचवलं असेल. हे मला त्या बाकावर तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही खोट म्हणालात ना, त्याचं उत्तर म्हणून. पण तुम्ही पर्स उघडलीत आणि राहिलं.

पाकिटात चोवीस हजार होते. "संकेतच्या बाबांना ठाऊक नाही. कुणाला सांगू नको. आणि फुकट नाय हां. माहेरचा खर्च माहेरानेच करायचा. उसने देते, फेडायचे."

मला तेव्हा तो टोमणा लागला होता. घरी येऊन रडले. दोन दिवसांनी उमजलं, तुम्ही तपासणीला हो म्हणून गेला होतात, आणि मला लहानही केलं नव्हतंत.

अकराव्या आठवड्यात प्राचीच्या पोटातून सुईने वारेचा बारीकसा तुकडा काढला. दहा दिवस लागतील म्हणाले. त्या दिवसांत कुणी बाळ हा शब्द काढला नाही. रिपोर्ट वाईट आला तर काय, हे तुम्ही-मी कधी बोललो नाही. प्राची-संकेतचं काहीतरी ठरलं होतं, पण ते दोघांतच होतं. प्राचीने फक्त एकदा मला विचारलं, "आई, तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, "मला नाही माहीत गं." ती म्हणाली, "मलाही नाही." आणि आम्ही वाटाणे सोलत बसलो. तुम्ही रोज सकाळी फोन करायचात. "जेवली काय ती?" एवढंच. त्याच्या मागचा प्रश्न आम्हाला ऐकू यायचा.

आठव्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं.

दहाव्या दिवशी सकाळी मॅडमच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट आला. मॅडमनी मला आत बोलावलं आणि ह्या वेळी मी खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं. मी प्राचीला फोन केला, ती रडत होती, पुढे काही ऐकू येईना. संकेत कागद आणायला निघाला आणि मी रिक्षा करून तुमच्याकडे आले.

आयसीयूत दोघींना पाच मिनिटं सोडत होते. माझ्याबरोबर तुमची जाऊ मंगल होती. तिला तपासणीचं काहीच माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं, तुम्हीच तसं सांगितलं होतंत. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघून भुवई उचललीत. एकदा, आणि मग परत एकदा. मंगल म्हणाली, "सगळं बरं होईल हो, काळजी नका करू." तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत होतात.

चार शब्द होते. मी ते घशापर्यंत आणले. मंगल शेजारी, नर्स पलीकडे. मी म्हटलं, मंगल विचारेल कसली तपासणी, आणि सगळ्या गावात होईल. म्हटलं, संध्याकाळी संकेत कागद घेऊन येईल, मुलाने सांगितलेलं बरं. आणि मी तुम्हाला काय विचारलं माहीत आहे? "जेवलात का?" नाकात नळी असलेल्या बाईला. तुम्ही डोळे मिटलेत. संध्याकाळी संकेत आला तेव्हा तुम्हाला मशीनवर ठेवलं होतं. त्याने कानात सांगितलं म्हणतो. ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

म्हणून आता सांगते. मेजर नाही वन्सं. मायनर आहे. एक सर चुकलेली, एक बरोबर. प्राचीसारखं, संकेतसारखं, ह्यांच्यासारखं. तुमच्यासारखं, असं मी धरून चालते, तुम्ही रक्त कधी तपासू दिलं नाहीत तरी. बाळ जगेल, धावेल, कुणाच्या कडेवरून उतरवलं म्हणून रडेल ते फक्त लाडाने. मुलगा की मुलगी ते कागदावर नाही. तुमचा मणी मात्र आहे, त्याच जागी.

हे चार शब्द मी त्या दिवशी बोलले असते, तर तुम्ही डोळे कसे मिटले असतेत, ह्याचा मी रोज विचार करते. मंगलच्या तोंडाला घाबरले. तुमचा शब्द पाळला असंही म्हणता येईल, पण ते खरं नाही. मी घाबरले.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत टेकले होते. वीस-बावीस माणसं असतील. लॅबमधल्या बायकांच्या भिशीत ह्या महिन्यात मी नंबर मागून घेतला होता, वर थोडे घरातले घातले. मी उठले आणि पाकीट संकेतच्या बाबांसमोर ठेवलं.

"हे काय?"

"वन्संचे आहेत. मी उसने घेतले होते."

"कधी बोलली नाही ती. कसले?"

मंगल पुढे सरकली. "हो, कसले हो पैसे, सुनंदाताई?"

सगळे माझ्याकडे बघत होते.  प्राचीने भिंतीपासून मान वर केली. मी म्हणाले, "बाळाच्या तपासणीचे. प्राची आणि संकेत दोघांच्या रक्तात थॅलेसेमिया मायनर आहे. वन्संच्या आजोळाकडून आलाय. बाळाला मोठा आजार नाही ना, ते बघायचं होतं. वन्संनी पैसे दिले. बाळ ठीक आहे."

"म्हणजे मुलगा की मुलगी..."

"नाही मंगल. ते नाही. आणि तुम्ही सगळ्यांनीच पोरांची लग्नं ठरवण्याआधी त्यांचंही रक्त तपासा. माझ्या लॅबमध्ये घेऊन या. बाळग्या कोपाने गेला नव्हता."

माझा आवाज शेवटपर्यंत पोचला. कोपऱ्यात बसलेल्या तुमच्या म्हाताऱ्या मावशीने बाळग्याचं नाव ऐकून तोंडाला पदर लावला. 

संकेतच्या बाबांनी पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. "राहू दे. प्राचीला लागतील."

"नाही. त्यांनी उसने दिले होते. फेडायचे म्हणाल्या होत्या. मोजून घ्या."

 त्यांनी चष्मा लावला, बोटाला थुंकी लावली आणि सगळ्यांसमोर एकेक नोट मोजली. मधे चुकले, परत पहिल्यापासून मोजले. चोवीस हजार भरले. वन्सं, तुमचे पैसे फिटले.